पवित्रा बदलताना मधला क्षण लपवायचा कसा

एकोणीस वर्षांची असताना मी बॉक्सिंगच्या एका बाउटमध्ये, म्हणजे लढतीत, दुसऱ्या राउंडला पवित्रा बदलला आणि खाली बसले. मार मोठा नव्हता. समोरच्या मुलीचा साधा जॅब होता, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा. असले जॅब सरावात मी रोज खायचे आणि विसरायचे. पण तो लागला त्या क्षणी माझे दोन्ही पाय शेजारी-शेजारी होते, रांगेत उभं राहतात तसे. मागे आधाराला पायच नव्हता. रेफरी आकडे मोजत होता आणि माझ्या मनात एकच विचार: पाय असे आलेच कसे?

तेव्हापासून मी पाय बघते. गेली चौदा वर्षं शिकवते आहे आणि आजही कुणाची लढत बघताना पहिली नजर कमरेखाली जाते. जे शिकले ते इथे लिहिते आहे. निदान वर्षभर बॉक्सिंग केलेल्या आणि आता दोन्ही बाजूंनी खेळायची इच्छा झालेल्या मुलामुलींसाठी हे आहे. वर्ष झालं नसेल तर पहिला भाग करा आणि तिथेच थांबा.

माझं सगळं म्हणणं एका गोष्टीभोवती आहे. ऑर्थोडॉक्स म्हणजे डावा पाय पुढे, साउथपॉ म्हणजे उजवा. दोन्ही पवित्रे शिकता येतात, अवघड आहे तो दोघांच्या मधला क्षण. पाय एकमेकांजवळून जातात, पाव सेकंद तुमच्याकडे ना पुढे आधार असतो ना मागे. चांगला बॉक्सर हा क्षण लपवतो: ठोशाच्या आड, हुलीच्या आड, कोनाच्या आड किंवा अंतराच्या आड. लपवायला काहीच नसेल तर तो बदलत नाही.

आधी एक पवित्रा पक्का

जमिनीवर खडूने सरळ रेघ काढा. तुमचे दोन पाय रेघेच्या दोन बाजूंना हवेत. कुठल्याही पायाने रेघ ओलांडायची नाही. पुढे-मागे अंतर खांद्यांच्या रुंदीपेक्षा थोडं जास्त. पुढचा पाय किंचित आत वळलेला, मागची टाच बोटभर उचललेली, वजन चवड्यांवर, गुडघे सैल. आता जोडीदाराला चारही बाजूंनी खांद्याला हलका धक्का द्यायला सांगा. ज्या बाजूने तोल जातो, त्या बाजूला पवित्रा चुकला आहे. माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या आठ जणांचे पाय एकाच रेघेवर असतात, दोरीवर चालल्यासारखे. बाजूने बोट लावलं तरी ते हलतात.

चालण्याचा नियम एकच: ज्या दिशेला जायचं, त्या बाजूचा पाय आधी आणि दुसऱ्या पायाने ढकलायचं. पुढे जाताना मागचा चवडा जमीन ढकलतो, मागे येताना पुढचा. पाऊल छोटं, वीतभराचं. दुसरा पाय लगेच तेवढाच सरकतो, म्हणजे अंतर पुन्हा होतं तेवढंच. पाय किती वेगाने हलतात याची चिंता नंतर करा, आधी अंतर मोडू देऊ नका. मी विद्यार्थ्यांना डोळे मिटून एकमेकांच्या पावलांचा आवाज ऐकायला लावते. दोन छोटे, सारखे टप-टप ऐकू आले तर ठीक. फरफट ऐकू आली तर मागचा पाय आळशी आहे. धप्प असा एकच आवाज आला तर तो उडी मारतो आहे, आणि हवेतल्या माणसाला दिशा बदलता येत नाही.

मग पिव्हट. पुढच्या चवड्यावर वजन घ्यायचं, त्यावर दार फिरतं तसं फिरायचं आणि मागचा पाय झाडू मारल्यासारखा जमिनीलगत आणायचा. याचा सगळ्यात सुंदर नमुना बघायचा तर विली पेप बघा. फेदरवेट वजनगटाचा हा विजेता, नावावर २२९ विजय. १९४८ मध्ये सँडी सॅडलरने त्याला नॉकआउट केलं होतं. फेब्रुवारी १९४९ मध्ये मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पेपने ते विजेतेपद पंधरा राउंड खेळून परत मिळवलं. त्या लढतीच्या फिती उपलब्ध आहेत. पहिल्यांदा बघताना हातांकडे लक्षच देऊ नका, पेपचा पुढचा पाय तेवढा बघा. सॅडलर सरळ आत येतो आणि पेप त्याच्या वाटेवर उरलेलाच नसतो. तो पळत नाही, वळतो. पळणारा दोरांवर जाऊन अडकतो. वळणारा रिंगच्या मधोमध राहतो.

हे दोन्ही जमेपर्यंत पवित्रा बदलायच्या फंदात पडू नका, असं मी कळकळीने सांगते. एका बाजूचं कच्चेपण दुसऱ्या बाजूला गेल्याने झाकत नाही, तिथे ते दुप्पट होतं.

बदलायच्या चार वाटा

उदाहरणं ऑर्थोडॉक्समधून साउथपॉकडे जाणारी देते. तुम्ही साउथपॉ असाल तर डावं-उजवं उलटं वाचा.

पहिली वाट ठोशाच्या आडून पुढे जाण्याची. उजवा क्रॉस, म्हणजे मागच्या हाताचा सरळ ठोसा मारा, आणि तो लांबवत असताना उजवा पाय डाव्याच्या पुढे टाका. हात परत येईपर्यंत तुम्ही साउथपॉ झालेला असता आणि डावा हात आता मागे, भरलेला असतो. तो लगेच सोडा. ही युक्ती फार जुनी आहे. १७ मार्च १८९७ रोजी नेवाडातल्या कार्सन सिटीत बॉब फिट्झसिमन्सने जिम कॉर्बेटला चौदाव्या राउंडला असंच संपवलं: उजवा पाय पुढे आला आणि पाठोपाठ डावा हात छातीच्या खळग्यात, बरगड्या जिथे दुभंगतात तिथे. मला यातली गंमत वाटते ती अशी की कॉर्बेट स्वतः पायांचा उस्ताद होता. पाच वर्षांपूर्वी, १८९२ मध्ये, त्याने जॉन एल. सुलिव्हनला एकवीस राउंड नाचवून हरवलं होतं. नंतर स्टॅनली केचेलने हीच चाल मिडलवेटमध्ये गाजवली आणि जॅक डेम्प्सीने तिच्यात आपलं पूर्ण वजन ओतलं.

ही वाट शिकताना दोन चुका हमखास होतात. एक, पाय आधी आणि ठोसा मागून. मग ठोशाची आडच राहत नाही, तुम्ही नुसते चालत समोरच्याच्या जॅबमध्ये जाता. क्रॉस निघाल्यावर पाय निघाला पाहिजे आणि क्रॉस पोहोचताना पाय टेकला पाहिजे. दुसरी, पाऊल टाकताना डोकं वर येणं. उंची बदलू देऊ नका. डोक्याच्या उंचीवर आडवी दोरी बांधा आणि तिच्याखालूनच आख्खी चाल करा. पाऊल उचलून टाकायचं नसतं, शरीर पुढे पडू द्यायचं आणि पायाने त्याला झेलायचं. वजन असं पडतं तेव्हाच डावा हात जड होतो.

दुसरी वाट मागे येऊन बदलण्याची, आणि माझ्या मते सगळ्यात उपयोगी हीच. समोरचा अंगावर येतो आहे. तुम्ही डावा पाय उजव्याच्या मागे घेता. त्याचा अंदाज तुमच्या पुढच्या पायावरून बांधलेला असतो आणि तो पायच नाहीसा झाला, त्यामुळे त्याचा ठोसा हवेत जातो. आता तुमचा उजवा हात पुढे आहे, म्हणजे त्याच्या जवळ आहे. तो जॅब म्हणून सरळ द्या किंवा समोरचा झेपावत असेल तर छोट्या हुकने, म्हणजे बाजूने वळवलेल्या ठोशाने, गाठा. टेरेन्स क्रॉफर्ड हे फार शांतपणे करायचा. जून २०१४ मध्ये ओमाहाला युरिओर्किस गाम्बोआविरुद्ध त्याने सुरुवात ऑर्थोडॉक्समध्ये केली आणि गाम्बोआच्या वेगाने त्याला पहिले काही राउंड त्रास दिला. मग तो साउथपॉ झाला. लढतीचं चित्र पालटलं आणि नवव्या राउंडला ती थांबवावी लागली. ही लढत एकदा आवाज बंद करून बघा. बदलल्यानंतर क्रॉफर्ड घाई करत नाही. आधी पुढच्या उजव्या हाताने अंतर मोजतो, गाम्बोआला आत येऊ देतो आणि मग पकडतो.

मागे येताना मात्र सरळ रेषेत मागे येऊ नका. डावा पाय थोडा तिरका, मागे आणि बाजूला टाका. सरळ मागे गेलात तर त्याचा दुसरा ठोसा तुम्हाला गाठतो.

याच जातीची एक चाल जर्सी जो वॉलकॉटची होती. तो बाजूला वळून फिरायला निघाल्यासारखा चालायचा. प्रत्येक पावलाला पवित्रा बदलत असायचा आणि समोरच्याला कळायचंच नाही की कुठल्या पावलावर मार येणार. जुलै १९५१ मध्ये, वयाच्या ३७ व्या वर्षी, त्याने इझार्ड चार्ल्सला सातव्या राउंडला डाव्या हुकने पाडून हेवीवेटचं विजेतेपद घेतलं. बघायला हे अप्रतिम आहे, पण शिकायला घेऊ नका. ते अंगात मुरायला त्याची अर्धी हयात गेली होती.

तिसरी वाट कोनाची. समोरचाही ऑर्थोडॉक्स आहे. तुमचा मागचा उजवा पाय तिरका पुढे टाकून त्याच्या डाव्या पायाच्या बाहेर ठेवा आणि त्या चवड्यावर आत वळा. आता तुम्ही साउथपॉ आहात आणि त्याच्या डाव्या खांद्याच्या शेजारी उभे आहात. त्याला मारायचं तर आधी तुमच्याकडे वळावं लागेल, तुम्हाला मात्र वळायची गरज नाही. वासिल लोमाचेन्को मुळात साउथपॉ, पण पाय बाहेर टाकून बाजूला उगवायची ही विद्या त्याच्याइतकी कुणी दाखवली नाही. लहानपणी वडिलांनी त्याला काही वर्षं बॉक्सिंग थांबवून युक्रेनी पारंपरिक नृत्य शिकायला पाठवलं होतं. २००८ आणि २०१२ अशी दोन ऑलिंपिक सुवर्णपदकं त्याच पायांवर आली. नोव्हेंबर २०१६ मध्ये त्याच्यासमोर निकोलस वॉल्टर्स सात राउंडनंतर पुढे खेळायलाच आला नाही. तोवर वॉल्टर्स अपराजित होता. समोर जो माणूस होता तो दर वेळी शेजारी सापडायला लागला की ताकद कुणावर खर्च करणार?

या वाटेवर एक धोका सांगते. पाय बाहेर टाकताना तुमची पावलं अडकू शकतात. त्याच्या बुटावर पाय पडला तर दोघंही अडखळता आणि ज्याचं वजन मागे असेल तो वाचतो. म्हणून पाय टाकण्याआधी पुढच्या हाताने त्याचा पुढचा हात दाबा किंवा डोळ्यांसमोर हूल द्या, त्याला अर्धा क्षण जागी खिळवा आणि मग जा.

चौथी वाट जागच्या जागी अदलाबदल, छोट्या उडीने. मोहम्मद अलीचा शफल म्हणजे हेच, भराभर चार-सहा वेळा. नोव्हेंबर १९६६ मध्ये ह्यूस्टनला क्लीव्हलँड विल्यम्सविरुद्ध त्याने ते दाखवलं आणि तिसऱ्या राउंडला लढत संपवली. मुलांना हीच वाट सगळ्यात आधी शिकायची असते. मी सगळ्यात शेवटी शिकवते. इथे लपवायला फक्त अंतर आहे. दोघांचेही हात पूर्ण लांबवले तरी लागणार नाही, इतक्या लांब असाल तरच करा. मी एकोणीसाव्या वर्षी नेमकी हीच वाट टप्प्याच्या आत घेतली होती.

बदलून मिळतं काय

दोघंही एकाच बाजूने उभे असले की त्याचा पुढचा खांदा तुमच्या मागच्या हाताच्या वाटेत येतो. तुम्ही बदललात की दोघांचे पुढचे पाय समोरासमोर येतात, छाती उघडी पडते आणि मागच्या हाताला सरळ रस्ता मिळतो. समोरचा ऑर्थोडॉक्स असेल तर साउथपॉच्या डाव्या हातासमोर त्याची उजवी बाजू येते, आणि यकृत त्याच बाजूला, बरगड्यांच्या खालच्या कडेपाशी असतं. तिथे नेमका ठोसा बसला की डोकं जाग्यावर असूनही पाय ऐकत नाहीत.

पण हाच हिशेब उलटाही लागतो. साउथपॉ झालात की तुमचंही यकृत पुढे येतं, त्याच्या डाव्या हुकच्या जवळ. ऑर्थोडॉक्समध्ये मागचं उजवं कोपर ते झाकत होतं. आता उजवा हात जॅबसाठी सतत बाहेर जातो आणि कोपर बरगडीपासून सुटतं. म्हणून दुसऱ्या बाजूला सगळ्यात आधी बचाव शिका. मी पहिले दोन आठवडे नव्या बाजूला एकही ठोसा मारू देत नाही: फक्त उभं राहणं, चालणं, पिव्हट आणि जोडीदाराचे हलके ठोसे अडवणं. मुलं कंटाळतात. तरी करून घेते.

बदल कधी टाळायचा, याचाही विचार करा. एप्रिल १९८७ मध्ये मार्विन हॅगलर शुगर रे लेनर्डशी खेळला. हॅगलर मूळचा साउथपॉ, दोन्ही बाजूंनी सारखाच भयंकर. त्या रात्री त्याने सुरुवात ऑर्थोडॉक्समध्ये केली आणि पहिले राउंड लेनर्डला देऊन टाकले. बारा राउंडनंतर पंचांचा निकाल विभागून लेनर्डच्या बाजूने गेला. त्या निकालावर लोक आजही भांडतात. हॅगलर माझा फार आवडता, म्हणून हे लिहिताना जड जातं, पण माझं मत असं की विनाकारण बदललेल्या पवित्र्याची किंमत त्याने मोजली. याउलट जुलै २०२३ मध्ये क्रॉफर्ड एरल स्पेन्सशी खेळला. स्पेन्स साउथपॉ. दोन्ही बाजूंनी खेळणारा क्रॉफर्ड त्या रात्री बहुतेक वेळ साउथपॉच राहिला, कारण तिथे त्याचं सगळं चालत होतं. स्पेन्सला तीनदा खाली पाडून नवव्या राउंडला त्याने लढत संपवली. बदलता येतं म्हणून बदलायचं असं नसतं.

मी स्वतः जन्माने डावखुरी. पहिल्या प्रशिक्षकांनी मला ऑर्थोडॉक्स उभं केलं, कारण सगळी मुलं एका बाजूने उभी असली की शिकवणं सोपं जातं. बरीच वर्षं मला त्याचा राग होता. पण जोरकस हात पुढे असण्याचा फायदा खरा आहे. ऑस्कर दे ला होया आणि मिगेल कोट्टो हे दोघंही मूळचे डावखुरे आणि ऑर्थोडॉक्स उभे राहणारे. त्यांचा डावा हुक इतका का दुखवायचा, ते यावरून कळतं. तेव्हा तुम्ही कुठल्या हाताने लिहिता यावरून पवित्रा ठरवू नका. दोन्ही बाजूंना तीन-तीन राउंड शॅडो करा, म्हणजे समोर कुणी नसताना हवेत ठोसे मारा, आणि कुठल्या बाजूला मागचा पाय जास्त आपला वाटतो ते बघा. ती तुमची घरची बाजू.

सराव

दोन आठवडे बचाव झाला की पुढचे दोन आठवडे नव्या बाजूला फक्त पुढचा हात. तीन मिनिटांचे दोन राउंड बॅगवर, फक्त जॅब. हात थकेल, पण बघायचं आहे मागच्या पायाकडे: प्रत्येक जॅबला तो ढकलतो का? पाचव्या आठवड्यात मागचा हात जोडा. हुक आणि अपरकट (खालून वर जाणारा ठोसा) त्यानंतर.

बदलण्याचा सराव वेगळा आणि सुरुवातीला अगदी संथ. खडूच्या रेघेवर पहिली वाट घ्या आणि मधल्या क्षणी थांबा, पाय एकमेकांजवळून जात असताना. थांबलेल्या अवस्थेत जोडीदार खांद्याला बोट लावेल. पडलात? गुडघे ताठ आहेत किंवा कंबर वर आली आहे. तो क्षण तुम्हाला आतून ओळखीचा झाला पाहिजे. मग हळूहळू थांबणं कमी करा. रोज प्रत्येक वाट दहा वेळा पुरे. शंभर वेळा घाईने केलीत तर घाईच मुरते.

खाली बघू नका. पाय कुठे टेकला हे रेघ सांगेल, चाल पूर्ण झाल्यावर. खाली गेलेली नजर समोरच्याला आधीच सांगून टाकते की आता काहीतरी होणार.

तालाचं एक बघा. बरेच जण नकळत ठरलेल्या तालावर बदलतात: जॅब, जॅब, बदल, जॅब, जॅब, बदल. तिसऱ्या वेळी समोरचा वाट बघत बसलेला असतो. स्वतःचे तीन राउंड फोनवर पायांपासून चित्रित करा आणि मोजा, ताल लगेच सापडतो. आणि दमलेले असताना बदलू नका. थकव्यात पाय आधी जवळ येतात, मग हात खाली येतात. शेवटच्या मिनिटाला घरच्या बाजूने उभं राहा.

स्पारिंगमध्ये, म्हणजे जोडीदाराशी सरावाच्या लढतीत, आणताना राउंडला तीनदाच बदलायचं, आणि जोडीदाराने दर वेळी बदल दिसला की मोठ्याने 'दिसला' म्हणायचं. मारायची गरज नाही, नुसतं म्हणायचं. सुरुवातीला तिन्ही वेळा ओरड ऐकू येते, कधीकधी पाय हलायच्या आधीच. तेव्हा विचारा, कशावरून कळलं? बहुतेकदा उत्तर खांद्याबद्दल किंवा नजरेबद्दल येतं, पायाबद्दल क्वचित.

माझ्याकडे सतरा वर्षांची एक मुलगी आहे. तिला हे पाच महिने लागले. गेल्या महिन्यात तीन राउंडनंतर तिची जोडीदार दोरांवर रेलून मला म्हणाली, "ताई, आज हिने बदललंच नाही ना?" ती चारदा बदलली होती. मी दोघींना फोनवर चित्रण दाखवलं. तीन बदल स्वच्छ होते. चौथ्याला तिचे पाय शेजारी-शेजारी आले होते आणि समोरचीचा जॅब केवळ योगायोगाने त्या वेळी निघाला नव्हता. दुसऱ्या दिवशी तिने स्वतःहून खडू आणला.